योजनाचे किलोमीटर किती?

वाशीच्या एका शाळेत विज्ञानशिक्षकांची कार्यशाळा होती. विषय होता मापन. जेवणाच्या सुट्टीत एक शिक्षिका वही घेऊन माझ्याकडे आल्या. वहीत एकच ओळ होती : ४,९६७ × ८ = ३९,७३६.

"सर, भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने दिला आहे. योजन म्हणजे आठ किलोमीटर. गुणाकार केला की ३९,७३६ किलोमीटर येतात. आजचा आकडा चाळीस हजार. म्हणजे चूक एक टक्कासुद्धा नाही. मी हे आठवीच्या वर्गात दरवर्षी सांगते. यंदा एका मुलाने विचारलं, योजन आठ किलोमीटरचंच कशावरून? मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगा."

मलाही ते तिथल्या तिथे देता आले नाही. मुलाचा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. जमिनीवरच्या लांबीच्या एककांतून ग्रहाच्या आकाराच्या अंतरांकडे जाताना नेमके काय करावे लागते, हा सारा इतिहास त्याच्या पोटात आहे. त्या बाईंना मी नंतर जे सांगितले, त्यात थोडी भर घालून हा लेख लिहीत आहे.

हातांचा हिशेब

भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ वयाच्या ३६व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये पुरा केला. त्यात पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने आणि व्यास १,५८१ पूर्णांक एक चोविसांश योजने असा दिलेला आहे. परिघाला व्यासाने भागून पाहा. उत्तर ३.१४१६ येते. म्हणजे हे दोन आकडे दोन वेगळ्या मोजण्यांतून आलेले नाहीत. एक मोजला आणि दुसरा गणिताने काढला.

परीघ कसा मोजावा हेही त्यांनी सांगितले आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरची दोन गावे घ्यावीत. दोन्ही ठिकाणचे अक्षांश वेधाने काढावेत. गावांमधले अंतर योजनांत मोजावे. मग त्रैराशिक मांडावे : अक्षांशांतल्या एवढ्या फरकाला एवढी योजने, तर ३६० अंशांना किती? उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्शावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर आहे, असे ते म्हणतात. आजच्या नकाशात उज्जैनचा अक्षांश २३ अंश ११ मिनिटे आहे. पद्धतीत कुठेही खोट नाही. पुढे युरोपातही पृथ्वी मोजली गेली ती याच त्रैराशिकाने.

आता योजन. त्याचे कोष्टक 'लीलावती'च्या आरंभीच आहे. आठ यवोदरांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश आणि चार क्रोशांचे एक योजन. म्हणजे एका योजनात ३२,००० हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा प्रौढ माणसाचा हात साधारण ४५ सेंटिमीटर भरतो. तो धरला तर योजन १४.४ किलोमीटरचे होते आणि पृथ्वीचा परीघ होतो ७१,५०० किलोमीटर! खऱ्या परिघाच्या जवळजवळ १.८ पट.

उलट बाजूने येऊन पाहू. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे. त्याला ४,९६७ने भागले की योजन ८.०५ किलोमीटरचे येते आणि त्याचा ३२,०००वा भाग, म्हणजे एक हात, सुमारे २५ सेंटिमीटरचा. हा हात नव्हे, फार तर वीत.

तेव्हा परिघ सांगणारे योजन आणि कोष्टकातले योजन एकच आहे असे धरले तर भास्कराचार्यांची पृथ्वी फार मोठी ठरते. ती दोन वेगळी धरली तर परिघाचे योजन किती लांब, हे कोष्टकावरून सांगता येत नाही. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १,०५० योजने दिला होता. भास्कराचार्यांचा आकडा त्याच्या दीडपट. मधल्या साडेसहाशे वर्षांत पृथ्वी फुगलेली नाही. योजने निराळी असली पाहिजेत, किंवा दोघांपैकी एकाची मोजणी बरीच चुकलेली असली पाहिजे. सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी ह्युएनत्संग याने तर एकाच योजनाची तीन मापे नोंदली आहेत : जुन्या परंपरेप्रमाणे चाळीस ली, लोकांच्या वापरात तीस ली आणि धर्मग्रंथांत सोळा ली. (ली हे चिनी अंतराचे माप.) लहानमोठ्या योजनांत अडीच पटींचा फरक!

आता वहीतल्या ओळीकडे पुन्हा पाहा. 'योजन म्हणजे आठ किलोमीटर' हा आकडा पुष्कळदा पृथ्वीच्या आजच्या परिघावरूनच मागे काढलेला असतो. चाळीस हजाराला ४,९६७ने भागून आठ मिळवायचे आणि मग त्याच आठाने ४,९६७ला गुणून चाळीस हजार आले म्हणून आनंद मानायचा, हे उत्तर पाहून गणित सोडवणे झाले. वर्गात कोणी असे केले तर आपण गुण देत नाही. अर्थात १४.४ किलोमीटरचे योजन हटकून धरायचे आणि भास्कराचार्य चुकले असे जाहीर करायचे, हेही तितकेच आडमुठेपणाचे आहे. दोन्ही बाजूंना हवा तो हात धरता येतो, कारण मूळ काठी आपल्यापाशी नाही.

काठी कोणाकडे ठेवलेली असते हा प्रश्न त्या काळी अपरिचित नव्हता, याचा एक छान पुरावा महाराष्ट्रातच आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख मिळाला. तो शके ११२८चा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असे त्यात कोरले आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्यात गावच्या बाजारातल्या मालावर मठाचा हिस्सा ठरवून दिला आहे. त्यातच एक अट आहे, की जे मापाने मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे. म्हणजे सिद्धान्तशिरोमणि शिकवणाऱ्या त्या संस्थेतच बाजाराचे प्रमाण मापही ठेवलेले होते. धान्याचे माप टिकले नाही आणि योजनाची काठीही टिकली नाही. शिलालेख मात्र टिकला.

चाळीस हजार इतका गोल आकडा का?

पृथ्वीचा परीघ किलोमीटरमध्ये इतका गोल कसा, असे मुले विचारतात. उत्तर ऐकून त्यांना फसवल्यासारखे वाटते. पृथ्वी मोजून तो आकडा गोल आला नाही. आकडा गोल यावा अशा बेताने मीटर आखला गेला.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तिथल्या विज्ञान अकादमीने ठरवले, की लांबीचे माप राजाच्या हातापायावरून घ्यायचे नाही, पृथ्वीवरून घ्यायचे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. १७९२पासून सहा-सात वर्षे दलांब्र आणि मेशँ या दोघांनी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतचा कंस मोजला. क्रांतीच्या धामधुमीत त्यांना अटका झाल्या, खुणेचे मनोरे पाडले गेले. १७९९ साली त्यांच्या मोजणीवरून प्लॅटिनमची पट्टी तयार झाली. पृथ्वीच्या चपटेपणाचा अंदाज किंचित चुकल्याने ही पट्टी ठरवल्यापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड झाली. म्हणून तर ध्रुवावरचा परीघ नेमका ४०,००० न येता ४०,००८ किलोमीटर येतो. पुढे कोणी पट्टी दुरुस्त केली नाही. पट्टी हाच मीटर झाला आणि पृथ्वी 'चुकीची' ठरली!

पृथ्वीवरून कोरलेले आणखी एक माप नवी मुंबईच्या मुलांच्या अगदी जवळ आहे. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात येणारी जहाजे अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, सागरी मैलांत सांगतात. अक्षांशाच्या एका मिनिटाची जमिनीवरची लांबी म्हणजे एक सागरी मैल. ३६० अंशांची मिनिटे होतात २१,६००. चाळीस हजाराला त्यांनी भागा, १.८५२ किलोमीटर येतात. भारताची सागरी हद्द १२ सागरी मैल, म्हणजे २२.२ किलोमीटर आहे. एटलासमध्ये कडेच्या अक्षांशाच्या पट्टीवर कर्कटक लावून हे अंतर थेट घेता येते. खलाशाला नकाशाचे प्रमाण शोधत बसावे लागत नाही.

हिंगणघाटची कबर

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे विल्यम लँबटन या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. २० जानेवारी १८२३ रोजी हैदराबादहून नागपूरकडे जाताना तो तिथे वारला. त्याआधी वीस वर्षे त्याने एकच उद्योग केला होता : हिंदुस्थानच्या दक्षिण टोकापासून उत्तरेकडे रेखावृत्ताचा एक लांबलचक कंस मोजत येणे. पद्धत भास्कराचार्यांनी सांगितलेलीच होती. फरक अंतर मोजण्यात होता. साखळी घेऊन सगळा देश चालायचा नाही. एकच आधाररेषा काटेकोर मोजायची आणि पुढची सगळी अंतरे त्रिकोणांच्या कोनांवरून काढायची.

पहिली आधाररेषा १८०२ साली मद्रासजवळ मोजली गेली. तिची लांबी साडेसात मैल होती. मोजायला शंभर फुटी पोलादी साखळी होती. तिची कथा गमतीची आहे. चीनच्या बादशहाला भेट म्हणून ती इंग्रज वकिलातीबरोबर गेली होती. बादशहाच्या दरबारात तिचे चीज झाले नाही, म्हणून ती कलकत्त्याला आली आणि लँबटनच्या हाती लागली. उन्हाने तापली की साखळी वाढते. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले तर शंभर फुटांमागे सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर. साडेसात मैलांत साखळी चारशे वेळा मांडावी लागे. म्हणजे एका अंशाची चूक झाली तर शेवटी १४ सेंटिमीटरचा घोटाळा. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवत, तंबूंची सावली करत आणि तापमापकांची नोंद घेत. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर चढवण्याचे काम ज्या हमालांनी आणि खलाशांनी केले, त्यांची नावे अहवालांत सहसा सापडत नाहीत.

लँबटननंतर जॉर्ज एव्हरेस्टने काम हाती घेतले. १८ अंशांवरच्या दमरगिड्ड्यापासून वऱ्हाड ओलांडून माळव्यातल्या कल्याणपूरपर्यंतचा कंस त्याने पुरा केला आणि युरोपातल्या मोजणीशी सांगड घालून १८३० साली पृथ्वीचा आकार प्रसिद्ध केला. विषुववृत्तावरची त्रिज्या २,०९,२२,९३१.८ फूट आणि चपटेपणा ३००.८०१७मध्ये एक. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे भारताचे सगळे नकाशे याच आकारावर बसवले गेले.

आता तुमच्या वर्गातले नेहमीचे उदाहरण : या त्रिज्येचे मीटर करा. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. गुणाकार केला, ६३,७७,३०९.६ मीटर आले. उत्तर चूक! ०.३०४८ हा फूट १९५९ साली आंतरराष्ट्रीय कराराने ठरला. एव्हरेस्टचा फूट त्याच्या सव्वाशे वर्षे आधीचा. भारतातल्या सर्वेक्षणाचा फूट लोखंडी पट्टीवर होता. क्लार्क या इंग्रज भूमापकाने १८६५च्या सुमारास निरनिराळ्या देशांच्या पट्ट्या शेजारी ठेवून तपासल्या. भारतीय फूट ब्रिटिश फुटाच्या ०.९९९९९५६६ पट, म्हणजे दहा लाखांत चार भागांनी आखूड निघाला. आणि ब्रिटिश फुटाचे मीटर किती, याचीही वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे होती.

परिणाम काय झाला पाहा. १९३७ साली भारतीय फूट ०.३०४७९८४१ मीटरचा धरला गेला. त्यावरून त्रिज्या ६३,७७,२७६.३ मीटर येते. मेट्रिक पद्धत आल्यानंतर भारताने १९७५ साली ०.३०४७९९५ हा गुणक घेतला. त्रिज्या झाली ६३,७७,२९९.२ मीटर. पाकिस्तानने १९६२ साली ०.३०४७९९६ घेतला होता. त्याची त्रिज्या ६३,७७,३०१.२ मीटर. सातव्या दशांश स्थळी एकाचा फरक आणि वाघा ओलांडताच पृथ्वीची त्रिज्या दोन मीटरनी वाढते!

१९३७ आणि १९७५च्या फुटांतला फरक एका मिलिमीटरचा हजारावा भाग एवढाच आहे, केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाइतका. शाळेच्या फूटपट्टीवर तो दिसणे शक्य नाही. पृथ्वीच्या त्रिज्येत तोच २३ मीटर होतो. मुंबई ते नागपूर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर अंतर धरले तर अडीच मीटर. विद्यार्थी गुणक पाठ करतात आणि तो अनंतकाळ चालत आलेला आहे असे समजतात, तेव्हा हे उदाहरण फळ्यावर मांडावे.

पण इथे शास्त्रज्ञांच्या एका खोडीबद्दलही सांगितले पाहिजे. दशांश स्थळांच्या मागे लागले की मोठी चूक नजरेआड होते. उपग्रहांच्या साहाय्याने ठरलेली आजची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आहे. एव्हरेस्टची त्रिज्या तिच्याहून ८३८ मीटर कमी. फुटाच्या घोळामुळे पडलेला २३ मीटरचा फरक त्याच्यापुढे किरकोळ आहे. एव्हरेस्टने एका खंडाला नीट बसेल असा आकार काढला होता. तो भारताला चांगला बसतो, साऱ्या पृथ्वीला बसत नाही. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशांकरिता भारताने तो सोडून उपग्रहांवरून ठरलेला जागतिक आकार स्वीकारला.

कार्यशाळेत एका गुरुजींनी सुचवले, की नाशिक आणि सातारा जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, तिथल्या दोन शाळांनी दुपारच्या सावल्या मोजून परीघ काढावा. सूचना उत्तम आहे. अक्षांशांतला फरक सुमारे २ अंश १९ मिनिटे, नकाशावर अंतर सुमारे २५६ किलोमीटर, परीघ ३९,८००च्या जवळपास येईल. मात्र एक लक्षात ठेवा. नकाशावरचे अंतर पृथ्वीचा आकार आधीच ठाऊक आहे असे धरून काढलेले असते. मग ही थोडीशी त्या आठ किलोमीटरच्या योजनासारखीच गोष्ट झाली. प्रामाणिकपणे करायचे असेल तर अंतर सायकलच्या चाकाच्या फेऱ्यांनी मोजावे लागेल आणि रस्त्याच्या वळणांचा हिशेब ठेवावा लागेल. हेही करून पाहण्यासारखे आहे.

काठीशिवाय मोजमाप

मग योजनाची काठी हरवली म्हणजे भास्कराचार्यांचे आकडे तपासताच येत नाहीत काय? येतात. त्यासाठी किलोमीटरकडे जायचा हट्ट सोडावा लागतो.

सिद्धान्तशिरोमणीत चंद्राचे अंतर ५१,५६६ योजने आणि सूर्याचे ६,८९,३७७ योजने दिले आहे. पृथ्वीची त्रिज्या व्यासाच्या निम्मी, म्हणजे ७९०.५ योजने. भागाकार करा. योजनाला योजनाने छेद जातो. ते आठ किलोमीटरचे असो वा चौदाचे, उत्तरात त्याचा मागमूस राहत नाही. चंद्र पृथ्वीच्या ६५.२ त्रिज्यांवर. आजचा सरासरी आकडा ६०.३. चूक आठ टक्के.

मला हे उत्तर ३९,७३६पेक्षा फार मोलाचे वाटते. हे कोणालाही हवे तसे वळवता येत नाही. चंद्राचे लंबन, म्हणजे पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांहून पाहताना तो जितका सरकलेला दिसतो तो कोन, जवळजवळ एक अंश आहे. नुसत्या डोळ्यांनी आणि ग्रहणांच्या वेळांवरून तो पकडता येतो. तो आपल्या ज्योतिषांनी पकडला होता.

आता सूर्य. ६,८९,३७७ला ७९०.५ने भागा, ८७२ येतात. खरा आकडा सुमारे २३,४५५. सूर्य २७ पट जवळ आणलेला! हेही वर्गात सांगितले पाहिजे, कारण चूक कुठून आली ते आकड्यांतच लिहिलेले आहे. सूर्याच्या अंतराला चंद्राच्या अंतराने भागा : १३.३७. नाक्षत्र वर्षाच्या ३६५.२६ दिवसांना चंद्राच्या नाक्षत्र मासाच्या २७.३२ दिवसांनी भागा : १३.३७. म्हणजे सूर्याचे अंतर मोजलेले नाही. सगळे ग्रह आकाशात रोज सारखीच योजने चालतात असे सिद्धान्तकारांनी गृहीत धरले होते. ज्याला फेरीला तेरा पट वेळ लागतो त्याचा मार्ग तेरा पट लांब. सूर्याचे खरे लंबन अंशाच्या चारशेव्या भागाइतके आहे. दुर्बिणीशिवाय ते कोणालाच मिळाले नसते. जिथे वेध पोचत नव्हता तिथे एक सुटसुटीत गृहीतक बसवले, एवढेच.

युरोपातही पुढे काही काळ गोष्ट याच टप्प्यावर होती. कोपर्निकस आणि केप्लर यांच्या कामानंतर ग्रहांच्या अंतरांची गुणोत्तरे उत्तम समजली होती. पृथ्वी-सूर्य अंतर एक धरले तर गुरू ५.२ आणि शनी ९.५. या 'एक'ला आपण खगोलीय एकक म्हणतो. सूर्यमालेचा नकाशा तयार होता, पण त्याच्या कोपऱ्यात प्रमाणाची पट्टी नव्हती! ती मिळवण्यासाठी १७६१ आणि १७६९ साली शुक्र सूर्यबिंबावरून जाताना पाहायला युरोपातली माणसे जगभर पांगली. तशीच अधिक्रमणे आपण ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ रोजी पाहिली. आता पुढचे २११७ साली. १९६१ साली शुक्रावरून रडारचे पडसाद घेतले गेले आणि अंतर किलोमीटरमध्ये नेमके सांगता येऊ लागले.

२०१२ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने खगोलीय एकक मोजणे बंद केले. ते आता १,४९,५९,७८,७०,७०० मीटर असे नेमके ठरवून दिले आहे. मीटरही पृथ्वीवरून किंवा पट्टीवरून घेतला जात नाही. १९८३पासून प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जितका जातो तितका मीटर. पृथ्वीवरून मीटर कोरण्याचा फ्रेंचांचा बेत पुरता उलटला आहे. आता मीटर आधी आणि ग्रह नंतर.

कार्यशाळेनंतर महिनाभराने त्या शिक्षिकांचा दूरध्वनी आला. वहीतली ओळ त्यांनी काढून टाकली नव्हती. तिच्याखाली ६५ आणि ८७२ हे दोन आकडे लिहून वर्गापुढे ठेवले होते. त्यावर त्याच मुलाने पुढचा प्रश्न केला : सूर्य २७ पट चुकला होता, तर त्यांची ग्रहणे बरोबर कशी येत?

हे मी त्यांना कागदावर मांडून पाठवले. चंद्रग्रहणात लागते ती चंद्राच्या ठिकाणची पृथ्वीच्या सावलीची रुंदी. भास्कराचार्यांच्या मते सूर्याचा व्यास ६,५२२ योजने, पृथ्वीचा १,५८१ आणि चंद्राचा ४८०. पृथ्वीपेक्षा सूर्य ४,९४१ योजनांनी मोठा, म्हणून सावली शंकूसारखी निमुळती होत जाते. सूर्य जितका दूर, त्याच्या १३.३७व्या भागावर चंद्र. म्हणून तिथे सावली ४,९४१ भागिले १३.३७, म्हणजे ३७० योजनांनी अरुंद. उरली १,२११ योजने. चंद्राच्या व्यासाने भागले की २.५२. आजच्या आकड्यांनी हे गुणोत्तर २.६५ येते. फरक पाच टक्के. सूर्य जवळ आणला तेव्हा तो त्याच प्रमाणात लहानही झाला, कारण बिंबाचा दिसणारा कोन तर डोळ्यांपुढेच होता. शिवाय चंद्र थोडा दूर गेल्याची आणि सूर्य फार जवळ आल्याची अशा दोन्ही चुका सावलीच्या हिशेबात एकमेकींना बऱ्याच खाऊन टाकतात.

खंडग्रास चंद्रग्रहणाचा फोटो घेऊन सावलीच्या कडेवरून वर्तुळ पुरे करा आणि त्याचा व्यास चंद्राच्या व्यासाशी पडताळून पाहा. योजन, फूट, मीटर, काहीही लागत नाही. साधी मोजपट्टी पुरते आणि ती कुठल्या मापाची आहे यानेही फरक पडत नाही.